शेवरोले २१६ इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडचे सदोष व्हाइट मेटल काम: तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
इंजिन मशिनिंग विभाग

महोदय,

१९४८ च्या शेवरोले फ्लीटमास्टर गाडीच्या २१६ (घनइंच) इंजिनाचे सहा कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) भरून बोअर करण्यासाठी आपल्याकडे दिले होते. क्रँकपिन (क्रँकचा रॉड बसतो तो भाग) २० थाऊ (इंचाचे हजारांश) ग्राइंड केलेल्या आहेत आणि क्लिअरन्स (पिन व बेअरिंगमधली फट) दीड ते दोन थाऊ हवा, हे जॉबकार्डावर स्पष्ट लिहिले होते. पूर्ण पैसे आगाऊ घेऊन परत दिलेले रॉड इंजिनात चढवण्याच्या लायकीचे नाहीत.

सर्वांत गंभीर चूक डिपरची. या इंजिनात बिग एंडला (रॉडच्या क्रँककडील टोकाला) क्रँकमधून दाबाने तेल येत नाही. संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) नळ्या तेलाची धार सोडतात, कॅपखालचा (बिग एंडच्या सुट्या खालच्या अर्ध्या भागाखालचा) डिपर, म्हणजे पळीसारखा तुकडा, ती झेलतो आणि कॅपच्या भोकातून तेल बेअरिंगला पोहोचते. आपण मेटल ओतले, बोअर केले आणि २, ३ व ५ नंबरच्या कॅपचे भोक पुन्हा पाडलेच नाही. डिपरमधून बारीक तार घाला, ती मेटलवर जाऊन अडते. असे बेअरिंग कोरडे चालून मेटल वितळणार आणि क्रँकपिनही खराब करणार. ४ नंबरची कॅप तर उलटी लावून बोअर केली आहे. डिपरचे तोंड कॅमशाफ्टच्या बाजूला हवे, ते विरुद्ध बाजूला आले. आता कॅप सुलटी केली तर बोअरची गोलाई जुळत नाही.

६ नंबरचा रॉड रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, कडेला खडूची पूड लावली. मेटल अंगठ्याने दाबताच खडूवर ओली रेघ उमटली. म्हणजे ओतण्याआधी कल्हई धड लागलेली नाही आणि मेटल रॉडला धरलेले नाही. १ नंबरला प्लास्टिगेज (क्लिअरन्स मोजायची, दाबून चपटी होणारी प्लास्टिकची तार) एका टोकाला दोन थाऊ दाखवते, दुसऱ्या टोकाला पाच.

सहाही कॅप शिम (रॉड व कॅपमध्ये घालायचे पातळ पत्रे) न घालता बोअर केल्या आहेत. पुढे बेअरिंग झिजले की एकेक शिम काढून क्लिअरन्स आणायचा, हीच तर या रॉडची सोय. आता कॅप घासण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि तो आम्हाला मान्य नाही.

फोनवर आपल्या सुपरवायझरने '२३५ चे शेलवाले रॉड टाका', म्हणजे शेवरोलेच्या मोठ्या २३५ इंजिनाचे, सुटी तयार बेअरिंग बसणारे रॉड वापरा, असे सुचवले. २३५ चा स्ट्रोक (पिस्टनची चाल) ३ १५/१६ इंच, २१६ चा ३ ३/४. शिवाय त्या शेलना क्रँकमधून दाबाचे तेल लागते, आणि २१६ च्या क्रँकला तशी भोकेच नाहीत. सल्ला देण्याआधी निदान इंजिन कोणते ते पाहायला हवे होते.

सहाही रॉडचे मेटल वितळवून काढावे, नव्याने कल्हई करून ओतावे, कॅपच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन थाऊच्या शिम घालून बोअर करावे, डिपरची भोके मोकळी करून बर (कडेला राहिलेला खरखरीत धातू) काढावी. पिस्टन पिन व बिग एंड समांतर आहेत का, हे मँड्रेलवर (तपासणीच्या सरळ दांड्यावर) तपासून मोजमापे लेखी द्यावीत. रॉड व कॅपवर नंबर ठोकलेले आहेत. तेच रॉड परत हवेत, दुसऱ्यांचे बदलून चालणार नाहीत. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, तेव्हा मूळ सुटे भाग सहज मिळत नाहीत हे आपण जाणताच.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत हे काम विनामूल्य सुरू करावे, अन्यथा पूर्ण रक्कम व वाहतूक खर्च परत करावा. दोन्ही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागू.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: बिल व जॉबकार्डाची प्रत, सहाही रॉडचे फोटो