तंटामुक्ती गावाच्या वेशीवरच का थांबली? गृहमंत्र्यांना सोलापुरातून खुलं पत्र

मा. गृहमंत्री साहेब,

सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितोय. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि पाण्यासोबत भांडणं पण येतात. आमच्या बोळात असंच झालं, एकानं नळाला डायरेक्ट मोटार लावली, शेजारच्या नळाला नुसती हवा, मग शिव्या, मग घागर फेकून मारली, कपाळाला तीन टाके. साधी एनसी, म्हणजे ठाण्यात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होऊन मिटलं असतं ओ, पण कुणीतरी शहाण्यानं सांगितलं की घरात घुसून मारलं म्हणा, झाली केस. मग समोरच्याची क्रॉस कम्प्लेंट.

दोघं पण यंत्रमागावर कामाला. तारीख म्हणजे खाडा, खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, आणि कोर्टात जाऊन कळायचं काय तर साक्षीदार आला नाही. त्यातला एक साक्षीदार मीच, दोनदा गेलो नाही, खोटं कशाला बोलू. चार वर्षांनी लोकअदालतीत दहा मिनिटात तडजोड झाली, मोटार लावायची नाही आणि दवाखान्याचा खर्च द्यायचा. हेच आमच्या बोळातली विड्या वळणारी अक्का पहिल्याच संध्याकाळी तेलुगूत ओरडून सांगत होती की!

तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटलांनी १५ ऑगस्ट २००७ ला गावातली भांडणं गावातच मिटवायची तंटामुक्त गाव मोहीम काढली, गावात निदान समिती तरी झाली, काही ठिकाणी तर समितीनं प्रेमविवाह पण लावून दिले. शहरात आम्ही कुणाकडं जायचं? नगरसेवकाकडं? तो आधी कुणाच्या घरात किती मतं ते मोजणार.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थी लिहिलीय, दोन्हीकडची संमती, तीन मध्यस्थ, विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज. पण तिथं झालेल्या समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद नाही आणि पोलीस केस त्यानं आपोआप मिटत नाही. म्हणून तुमच्याकडं मागणी, कारण ठाणी तुमची. एनसी लिहून घेतली की ठाणे अंमलदारानं तिथंच विचारावं, मध्यस्थांकडं जायचं का? नको म्हटलं तर नको, जबरदस्ती नाही. आणि केस झालीच असली तर जी कलमं कायद्यानंच तडजोडीची आहेत तेवढीच घ्या. बायकोला मारहाण, अ‍ॅट्रॉसिटी असलं काही या टेबलावर आणूच नका, तिथं "मिटवून घे बाई" म्हणणारे आधीच चिक्कार आहेत.

मध्यस्थांच्या पॅनेलवर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारं माणूस पाहिजे, एक तरी बाई पाहिजे, पक्षाचा पदाधिकारी नको. गावच्या मोहिमेसारखं बक्षीस पण ठेवू नका, बक्षीस आलं की मिटलेल्या भांडणांचा आकडा फुगवायचा मोह होतो.

जागा आहे, समाजाचा हॉल दुपारी रिकामाच असतो. अक्का पण तयार आहे, फक्त तिच्या विड्यांचा खाडा होईल त्याचं काय ते मानधन ठरवा.

आपला,
पूर्व भागातला एक साक्षीदार