मासा गप्पा मारत नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत टीपॉयवर काचेचा बाऊल आणि त्यात दोन गोल्डफिश ठेवून छोटे घर कसे 'जिवंत' करावे, हे वाचले. फोटोही पाहिला, अगदी भिंग लावून पाहिला. फोटोखाली ओळ आहे, 'जणू आपल्याशी गप्पा मारायला वर आलेला!' उद्गारचिन्ह तुमचेच.

महोदय, तो मासा गप्पा मारायला आलेला नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची सारखी उघडमीट करणारा गोल्डफिश गुदमरत असतो. फोटोग्राफरने तो टिपला, लेखिकेने त्यावर कविता केली, तुमच्या उपसंपादकांनी ऱ्हस्वदीर्घ तपासले (केले असावे, त्याबद्दल पुढे लिहितो) आणि तो घरोघरी गेला. एवढ्या डोळ्यांपैकी एकालाही शंका आली नाही, याचे नवल वाटले. खरे तर वाटायला नको होते, कारण चार वर्षांपूर्वी आमच्या घरच्या पाच जोड्या डोळ्यांनाही आली नव्हती.

नातू एका वाढदिवसाहून रात्री साडेनऊला परतला, तो हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत दोन मासे. रिटर्न गिफ्ट! पूर्वी पेन्सिल-खोडरबर द्यायचे, असो. पहिली रात्र माशांनी बिस्किटांच्या बरणीत काढली. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने पाच लिटरचा गोल बाऊल आणि निळे खडे गळ्यात मारले, वर सल्ला फुकट दिला : "दर रविवारी सगळं पाणी बदलायचं काका, खडे नळाखाली चोळून धुवायचे. मासा भांड्याएवढाच वाढतो, टेन्शन घेऊ नका." मी टेन्शन घेतले नाही. चार रविवार इमानेइतबारे खडे चोळले.

चौथ्या रविवारी संध्याकाळी नातू ओरडला, "आजोबा, जिलबी पापी देतेय!" जिलबी म्हणजे दोघांतली केशरी. आम्ही सगळे बाऊलभोवती जमलो, कौतुक केले, हिने मोबाइलवर व्हिडिओ काढून नाशिकला बहिणीला पाठवला. तिकडून तीन हसरे चेहरे आले. सोमवारी सकाळी जिलबी निळ्या खड्यांवर आडवी पडली होती.

आता लाजेची गोष्ट. मी 31 वर्षे पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत काढली. नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे ना, हे पाहणे हेच माझे काम. नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की सही करायची. हजारो वेळा केले असेल. आणि घरच्या माशांना तेच पाणी थेट नळाखालून पाजले! तुमच्या-माझ्या पोटाला जे राखते, ते माशाचे कल्ले भाजून काढते. पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडे ठेवले असते किंवा दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारा, क्लोरीन मारणारा हायपो टाकला असता, तरी भागले असते.

पण सगळे खापर क्लोरीनवर फोडून चालणार नाही. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. तो पचवणारे जिवाणू खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात, ती वस्ती बसायला महिना-सव्वा महिना लागतो. मी ती दर रविवारी चोळून काढत होतो. साठ लिटरच्या टाकीत असला गाढवपणा थोडाफार खपून जातो, पाच लिटरमध्ये चुकायला जागाच नसते. शिवाय हवा पाण्यात शिरते ती पृष्ठभागातून, काचेतून नव्हे. तुमच्या फोटोतला बाऊल शोभेसाठी गळ्यापर्यंत भरलेला आहे, म्हणजे त्या दोघांच्या वाट्याला चहाच्या बशीएवढे तोंड. त्यात मे महिना. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात.

लेखिकेने शेजारच्या चौकटीत वास्तूचाही सल्ला दिला आहे : आठ सोनेरी, एक काळा. म्हणजे त्याच बाऊलमध्ये नऊ! आणि एखादा मेलाच तर त्याने घरावरचे संकट अंगावर घेतले असे समजावे. वा! आमच्या घरावर तेव्हा काही संकट नव्हते. जे होते ते जिलबीवर होते आणि ते मी नळाखालून भरून आणले होते.

'परदेशी घरांसारखा लूक' असेही म्हटले आहे. परदेश म्हणजे नेमका कोणता? इटलीत म्हणाल, तर रोम शहराने 2005 मध्येच गोल बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवायला बंदी केली.

दुसरा मासा वाचला. तो आता तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत असतो, साधारण 190 लिटर पाणी. सोफ्याची एक खुर्ची त्यापायी गॅलरीत गेली आहे आणि तो विषय घरात अजून मिटलेला नाही. गेल्या आठवड्यात नातवाने काचेला पट्टी लावून मोजला, शेपूट सोडून 16 सेंटिमीटर. शेवटी गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कुळातला. भांड्याएवढाच वाढतो म्हणे! वाढत नाही, खुरटतो, आणि जी जात दहा-पंधरा वर्षे सहज जगते ती सहा महिन्यांत आटोपते. माशाच्या लांबीच्या दर 'इंचाला चार लिटर' पाणी हा दुकानांतला दुसरा हिशेबही पोकळ आहे. दहा इंची मासा म्हणजे एक इंची दहा मासे नव्हेत. लांबी दहापट झाली की वजन हजारपटीच्या घरात जाते, आणि घाण वजनामागून येते.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी, त्याच आकारात दुरुस्ती छापा. आतल्या पानावर निविदा-सूचनांच्या खाली नको.

आता ऱ्हस्वदीर्घाचे. दोन वर्षांपूर्वी गढूळ पाण्याबद्दलच्या माझ्या पत्रात तुमच्याकडे 'तुरटी'ची 'तुतारी' झाली होती. 'पिण्यापूर्वी पाण्यात तुतारी फिरवावी' असे माझ्या नावाने छापून आले. ऐन निवडणुकीचे दिवस. सोसायटीतल्या दोघांनी माझा पक्ष ठरवून टाकला, तिसरा अजून लिफ्टमध्ये बोलत नाही. खुलासा पाठवला होता, तो आला नाही. म्हणून या वेळी नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)

ता. क. : पत्रात 'कल्ले' हा शब्द दोनदा आला आहे. त्याचे 'किल्ले' होणार नाहीत एवढे पाहावे.