रशियन जेवण : दर छापतात, मजकूरही छापा

महोदय,

मोरजी, आश्वे, मांद्रे या पट्ट्यातल्या महागड्या रशियन रेस्टॉरंटांत आता गोव्यातली मराठी-कोंकणी कुटुंबेही जेवायला जातात, आणि पुष्कळदा ‘मिळमिळीत होतं, पैसे फुकट गेले’ म्हणत परततात. मिळमिळीतपणाचा दोष त्या पाककलेचा नाही. मेनूकार्डावर पदार्थाचे नाव आणि दर असतो. रस्सा कशाचा, मलई कसली, गाबोळी कोणत्या माशाची, हे मात्र कुठेच नसते. ते छापले जावे, आणि तोवर गिऱ्हाइकाने न संकोचता विचारावे, यासाठी हे पत्र.

बोर्श हे बीटाचे सूप मूळ युक्रेनचे, पण रशियन ताटात ते हमखास असते. बीटाचा लाल रंग आंबटात टिकतो. म्हणून चांगला आचारी बीट वेगळे घेतो, थोडे व्हिनेगर किंवा लिंबू घालून मंद आचेवर परततो आणि कोबी-बटाटे शिजत आल्यावरच रश्श्यात सोडतो. सगळे एकदम उकळत ठेवले की रंग उतरून तपकिरी होतो. वाटी पुढ्यात आली की आधी रंग बघावा.

त्यावर घालतात ती स्मेताना, म्हणजे विरजलेली मलई. तिच्यात स्निग्धांश साधारण 15 ते 30 टक्के असतो, त्यामुळे ती गरम रश्श्यात सहसा फाटत नाही, हळूहळू विरघळत जाते. आपल्या दह्यात तो जेमतेम तीन-चार टक्के. ते गरम सुपात पडले की फुटते आणि वर पांढरे कण तरंगतात. असे कण दिसले तर स्मेतानाच्या नावाखाली दही आले, असे समजायला हरकत नाही. ‘इथे मिळत नाही’ ही सबब पटण्यासारखी नाही. 25 टक्के स्निग्धांशाची क्रीम कोमट करून लिटरला दोन-तीन चमचे ताजे दही लावावे, दहा-बारा तास ठेवावे आणि मग एक दिवस फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यावे. एवढ्याने काम भागते. वर भुरभुरायचा शेपू तर आपल्या बाजारातच मिळतो.

शाकाहारी मंडळींनी विशेष जपावे. सुपात मांसाचा तुकडा दिसला नाही तरी रस्सा बहुधा हाडांचा असतो. ‘पोस्तनोये’ काय आहे, असे विचारावे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या त्या पदार्थांत मांस, दूध, अंडी चालत नाहीत. मासे नाहीत ना, एवढे वेगळे विचारून घ्यावे.

खरा पैसा जातो तो काळ्या गाबोळीवर, म्हणजे कॅव्हियारवर. ती स्टर्जन माशाची. या माशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 1998 पासून सायटिस या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील, करारानुसार नियंत्रित आहे आणि डब्यावर त्या कराराचे लेबल लागते. त्यावर माशाच्या जातीची तीन अक्षरे (बेलुगासाठी एच-यू-एस), संवर्धित माशासाठी ‘सी’ किंवा समुद्र-नदीतल्या माशासाठी ‘डब्ल्यू’, आणि देशाची दोन अक्षरे असतात. हजारोंचा दर लावणाऱ्याने डबा टेबलावर आणून दाखवलाच पाहिजे. लंपफिश नावाच्या स्वस्त माशाची गाबोळी काळी रंगवून पुढे केली जाते. पांढऱ्या बशीत किंवा लोण्यावर ठेवली की तिचा रंग पसरतो. लाल गाबोळी सॅमनची. तीही उत्तम असते, फक्त तिला काळीचा दर लावू नये.

हलक्या मिठातला न शिजवलेला मासा, मग तो हेरिंग असो की आपला बांगडा, आधी उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवलेला असावा. नाहीतर माशातले कृमी जिवंत राहण्याचा धोका असतो. हा प्रश्न विचारायला मुळीच लाजू नये.

चिकन कीव्ह, म्हणजे आत लोणी भरून तळलेले चिकन, मागवलेत तर कापण्याआधी टोकाला काट्याने टोचून वाफ जाऊ द्यावी, नाहीतर आतले उकळते लोणी थेट अंगावर उडते. आत लोणीच नसेल तर ते तळताना गळून गेले. लोणी पुरते गोठवले नव्हते, किंवा अंडे-पावाच्या चुऱ्याचा थर एकदाच दिला होता. असे ताट परत करावे.

ऑर्डर देताना सगळे एकदम मागवू नये. आधी झाकुस्की, म्हणजे लोणची, खारवलेले मासे, सॅलड, मग सूप, मग मुख्य पदार्थ. एकामागून एक पदार्थ वाढण्याची ही पद्धत पश्चिम युरोपात रशियनांकडूनच गेली, आणि इथे मात्र सूप थंड होईस्तोवर मांस येऊन बसते.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेले दिसले तर काढायला सांगावे. जुलै 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे.

आपला,
एक वाचक, पेडणे