बाज तशीच राहू द्या

लातूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई, तू विचारलंस, "आवाज का गं उतरलाय?" मी सर्दीचं निमित्त सांगितलं. सर्दी नव्हती. सकाळी थोरलीच्या पाठीत धपाटा घातला होता. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, बारका एकच बूट घालून रडतोय आणि हिनं भरलेली कळशी लवंडून दिली. नळाला अजून दोन दिवस होते. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. दिवसभर तेच डोळ्यासमोर.

थोरली दुसरीत आहे, तरी शेजारीण विचारते, "क्लास कुठला लावलाय?" लातूर पॅटर्नच्या गावात राहायचं म्हणजे हे आलंच. मी हसून विषय बदलते, आणि रात्री झोपताना तेच डोक्यात घोळतं.

पण एक सांगायचंय, कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या गल्लीत पाणी पहाटे सुटतं. हे म्हणतात, हौदाला बॉल बसवू, भरला की आपोआप बंद होईल, तुझी झोपमोड नको. मी दर वेळी टाळते. पालथ्या बादलीवर बसून चहा पिते. पाण्याची धार, लांब कुठंतरी एखादी मोटार, बाकी काही नाही. अर्धा तास कुणी "मम्मी" म्हणत नाही. हौद काठाला आला की लगेच कॉक फिरवते हो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय, थेंब सांडायची हिंमत नाही. वेळ तेवढा सांडते.

तिथं बसल्यावर तुम्ही दोघं आठवता. बाबा, तुम्ही दिवेलागणीला "बैलाला कडबा टाकून येतो" म्हणून जायचात आणि जेवण निवेपर्यंत परत यायचा नाहीत. दोन बैलांना कितीसा वेळ लागतो? मी हाक मारायला यायचे, तर तुम्ही बाजेवर पाय सोडून बसलेले, बैल रवंथ करतायत, तुम्ही त्यांच्याकडं बघताय. मला वाटायचं, बाबांना आमच्यापेक्षा बैलच प्यारे.

आणि आई, तुझी ज्वारी. दुपारी सुपात घेऊन एकेक खडा वेचायचीस. आम्ही जवळ आलो की "सरका, सांडंल" म्हणायचीस. एकदा मी बघितलं होतं, सुपात खडा नव्हताच. तू नुसती बोटं फिरवत होतीस. तेव्हा वाटलं, आईला दिसायला कमी आलंय!

मी तर सारखी मध्येच यायचे. कधी बांगडी दाखवायला, कधी भावाचं गाऱ्हाणं घेऊन. तुम्ही मारलं नाही, एवढं मात्र पक्कं आठवतंय. की मीच विसरले?

थोरलीला रात्री जवळ घेतलं. "चुकलं माझं," म्हणाले. ती म्हणाली, "कळशीला चीर गेलीय, बदलून घे."

येळवसच्या सणाला येतोय. शाळा बुडली तर बुडू दे. आई, भज्जी-आंबिलीचा घाट एकटीनं घालू नकोस, मी आदल्या दिवशीच येते. बाबा, बैल विकले तरी गोठ्यातली बाज मोडीत काढू नका. जेवणं झाल्यावर लेकरं तुमच्या हवाली करून मी तासभर तिकडं जाणार आहे. कुणी विचारलं तर सांगा, कडबा टाकायला गेलीय.

तुमची लेक