पुस्तक काढ, पण पैसे देऊन नको

सई बाळा,

तुझ्या कवितांची पीडीएफ पूर्ण वाचली, आईनेही वाचली. काल फोनवर मी थांब म्हणालो तर तुला वाटलं बाबांना पुस्तकच नकोय, तसं अजिबात नाहीये गं, म्हणून नीट लिहितोय. माझं भांडण त्या प्रकाशकाशी आहे. छपाईचा सगळा खर्च तू द्यायचा, वर दोनशे प्रती तूच विकत घ्यायच्या आणि नाव त्याचं. माझा जन्म गेला छापखान्यात, 64 पानांचं पुस्तक म्हणजे 16 पानांचे चार फर्मे आणि एक कव्हर, त्याला एवढे पैसे लागत नाहीत.

आपल्या नाशिकचे तात्यासाहेब, कुसुमाग्रज, त्यांचं विशाखा 1942 ला आलं ते वि. स. खांडेकरांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून. कविता आवडली म्हणून वाचणाऱ्याने खिशात हात घातला, कवीला घालायला लावला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि तुझे लाडके कवी अरुण कोलटकर बघ ना. कोल्हापूरचा मुलगा, 1949 ला मुंबईत जेजेला चित्रकला शिकायला गेला, पुढे जाहिरातीत ग्राफिक डिझायनर म्हणून नाव कमावलं आणि घर त्याच्यावर चाललं. तू नोकरी सोडायचं म्हणतेस तेव्हा मला हेच आठवतं, की पोटाची सोय दुसरीकडे होती म्हणून कविता कोणासाठी वाकवावी लागली नाही त्यांना. विशीत असताना दिलीप चित्रे वगैरे मित्रांबरोबर शब्द नावाचं अनियतकालिक, म्हणजे जमेल तेव्हा निघणारा अंक, काढलं, तेही सायक्लोस्टाइल करून, स्टेन्सिलवरून प्रती काढून. मग 1976 ला चार कवींनी मिळून क्लिअरिंग हाऊस काढलं, स्वतःची पुस्तकं स्वतः छापायची म्हणून, कव्हरं कोलटकरांनीच केली आणि त्यातलं त्यांचं इंग्रजी कवितांचं जेजुरी पुढच्या वर्षी कॉमनवेल्थचं बक्षीस घेऊन आलं. मराठीतला पहिला संग्रह 1977 चा, अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाचा, तेव्हा चाळिशी उलटून गेलेली!! त्यानंतर भिजकी वही थेट 2003 ला. मधली पंचवीसेक वर्षं माणूस लिहीत होता, पण पुस्तकाची घाई नाही. 2004 ला गेले, साहित्य अकादमी त्यानंतर मिळालं.

तू पंचवीस वर्षं थांब असं नाही म्हणत मी, पण तुझ्याकडेही माणसं आहेत. तुझी रूममेट चित्रं काढते, तिला कव्हर करू दे. प्रती शंभरच काढ आणि डिजिटलवर काढ, ऑफसेटला प्लेट आणि मशीन लावायचा खर्च शंभर प्रतींना आला काय नि हजारला आला काय तेवढाच येतो, त्यामुळे थोड्या प्रतींना ते परवडत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नकोस. प्रूफं मी वाचणार, याच्यावर वाद नको. तू जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये केलंयस ना, त्यात रफार आणि जोडाक्षरं बऱ्याच ठिकाणी फुटलीत, आणि कवितेत एक अक्षर गेलं की ओळच गेली.

गोदेच्या पुराची कविता पहिली घे. दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलंय आणि बायका पुलावरून बघतायत, ती वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगतो. शेवटच्या तीन मात्र अजून कच्च्या आहेत, त्या काढल्या तर आईला वाईट वाटेल कारण त्यातली एक तिच्यावर आहे, पण तिच्याशी मी बोलतो.

कागद 80 जीएसएम (जाडीचं माप) मॅपलिथो, पुस्तकांना वापरतात तो, घेऊ, जरा पिवळसर, डोळ्यांना बरा वाटतो. माझ्या ओळखीचा बाइंडर आहे रविवार कारंजाला, तो दोऱ्याने शिवून देईल, नुसतं गमने चिकटवलेलं पुस्तक दोनदा उघडलं की पानं सुटतात. शनिवारी फोन कर, तोवर त्या प्रकाशकाला पैसे पण पाठवू नकोस आणि कवितांची फाइल पण नको.

बाबा