कोठडी नव्हे, आरोपनिश्चिती हवी

महोदय,
लाचेच्या सापळ्यात अडकलेल्या तलाठ्याची बोटं नोटांना लावलेल्या अँथ्रासिन पावडरमुळे अतिनील दिव्याखाली चमकतात. पुढे ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की तो नियमानुसार निलंबित मानला जातो. मंत्र्यांना मात्र असा नियमच नाही! नवाब मलिक २०२२ मध्ये अटकेनंतरही राज्यात महाविकास आघाडीचे सरकार असेपर्यंत बिनखात्याचे मंत्री राहिले. अरविंद केजरीवाल तर तुरुंगातही मुख्यमंत्रीच होते.

२०२५ च्या १३० व्या घटनादुरुस्ती विधेयकात ३० दिवसांच्या कोठडीनंतर पद जाण्याची तरतूद आहे. मला ती धोक्याची वाटते, कारण अटक तपासयंत्रणेच्या हाती आणि यंत्रणा सरकारच्या हाती. न्यायालयाने आरोप निश्चित केले की मात्र पायउतार व्हायलाच हवे. गृहमंत्र्याने तर चौकशीचा आदेश निघताच. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी २०२१ मध्ये तसे केले, ते योग्यच झाले. पद सोडल्याने कारकीर्द संपते, हेही खरे नाही. नेत्यांना बेकायदा पैसे दिल्याच्या हवाला प्रकरणात लालकृष्ण अडवाणी यांनी १९९६ मध्ये खासदारकी सोडली, आरोप रद्द झाल्यावर १९९८ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

विधेयकात कोठडीऐवजी आरोपनिश्चितीची अट घालावी, ही सर्वपक्षीय खासदारांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, सांगली