हजारातली उरलेली माणसं

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "संशोधन करायचंय की चित्रं काढायचीत, एकदा काय ते ठरव." फोनवर मी विषय बदलला, म्हणून आता लिहितेय.

१९६१ साली अमेरिकेतले डॉक्टर केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसं घेतली, तर महिन्याभरात त्यांतल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं. डॉक्टरकडे २५० जातात. रुग्णालयात ९ दाखल होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात जेमतेम एक जण पोचतो. डॉक्टर शिकतात मात्र बहुतेक त्या एकाच्या उशाशी उभं राहून! उरलेल्यांचं काय होतं, हे बघणं माझं काम.

हे आकडे मला पाठ होते. मग ती हजार माणसं लिनोवर, म्हणजे चित्राचा ठसा कोरायच्या मऊ लिनोलियमवर, कोरायला घेतली, एकेक नखाएवढी. दुखत असूनही डॉक्टरकडे न गेलेली ५०० कोरता कोरता मनगट भरून आलं आणि डोक्यात एकच घोळत राहिलं, ही गेली का नाहीत? काहींचं आपोआप बरं झालं असेल, ठीक. बाकीच्यांचं? तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नसतो. माझ्या आत्ताच्या अभ्यासाचा प्रश्न त्या लिनोतून निघालाय, बाबा. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्येच लिहिलंय, की चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त, तिथेच ते कमी मिळतात. पैसे चित्रांतून मिळत नाहीत, हे मात्र तुमचं खरं.

आई, माझ्या माणसांना चेहरे का नसतात, असं तू विचारतेस. मुलाखत घेताना ओळख उघड न करण्याचा शब्द आम्ही लेखी देतो. चित्रात तो मोडून कसा चालेल? म्हणून हात काढते. गोळ्यांची पट्टी उलटसुलट करणारे, रिपोर्टची घडी घालणारे. सगळ्यात आवडता, निघताना दाराच्या कडीवर गेलेला हात. खरं दुखणं माणसं पुष्कळदा तिथेच सांगतात, "आणि हो डॉक्टर, अजून एक..." कित्येकांना तर तेवढाही वेळ मिळत नाही. २०१७ साली ६७ देशांच्या आकडेवारीचा आढावा निघाला. त्यात डॉक्टरांसमोरचा सरासरी वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं होता, बांगलादेशात ४८ सेकंद.

आता तुम्हा दोघांना एक काम. पुढच्या तपासणीहून बाहेर आलात, की 'अरे, हे विचारायचं राहिलंच' असं जे वाटेल ते कागदावर लिहून ठेवा. अभ्यासासाठी नकोय, घरच्यांची माहिती त्यात चालत नाही. मलाच हवंय. आणि बाबा, गुडघ्याचं आधीच लिहून न्या. डॉक्टरांसमोर तुम्ही ते दरवेळी गिळता, आणि मग महिनाभर आईला ऐकवता.

तुमची,
धाकटी